वाचक विचारतात : प्रकाशाच्या पुढे जाणारी याने

गेल्या अंकात याच सदरात आपण सूर्याला सर्वांत जवळ असलेल्या ताऱ्याचे, नरतुरंग तारकासमूहातल्या प्रॉक्झिमा सेंटॉरीचे, अंतर पाहिले होते. तिथून निघालेल्या प्रकाशाला आपल्यापर्यंत यायला ४.२४ वर्षे लागतात. १९७७ साली निघालेले आणि सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जाणारे व्हॉयेजर-१ त्याच दिशेने जात असते, तर त्याला पंचाहत्तर हजार वर्षांच्या आसपास लागली असती, एवढाच त्या मजकुराचा आशय होता. त्यावर आलेल्या पत्रांचा रोख मात्र वेगळाच निघाला. अंतर जर एवढे आहे, तर विज्ञानकथांतली माणसे न्याहारी इथे आणि जेवण दुसऱ्या ताऱ्यावर कशी करतात, हे बहुतेकांना विचारायचे आहे. निवडलेली पत्रे सोलापूर शहरातली आणि जिल्ह्यातली आहेत. सदराच्या रिवाजाप्रमाणे पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत आणि काही प्रश्न आटोपशीर केले आहेत.

प्रश्न : इंजिनाची ताकद वाढवली की वंदे भारतचा वेग वाढतो. मग यानाला पुरेशी ताकद दिली तर ते प्रकाशाचा वेग का ओलांडू शकत नाही? हा निसर्गाचा नियम आहे की आपली सध्याची असमर्थता?
*(महाविद्यालयीन विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)*

नियम आहे, आणि तो रोज तपासला जातो. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात प्रोटॉन फिरवले जातात. ते त्या मोठ्या कड्यात शिरतात तेव्हाच त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगापेक्षा सेकंदाला फक्त साडेसहाशे मीटरने कमी असतो. तिथे त्यांची ऊर्जा चौदा पटींहून अधिक वाढवली जाते. तुमच्या गाडीचा हिशेब इथे चालत असता तर त्यांनी प्रकाशाला केव्हाच मागे टाकले असते. प्रत्यक्षात एवढी ऊर्जा ओतल्यावरही ते प्रकाशाच्या सेकंदाला सुमारे तीन मीटर मागेच राहतात, म्हणजे शर्यत लावली तर प्रकाश त्यांच्यापुढे साधारण सायकलच्या वेगाने सरकत राहील. वेग जसजसा प्रकाशाच्या जवळ जातो, तसतशी त्यात थोडीशी भर घालायलाही लागणारी ऊर्जा बेसुमार वाढत जाते. वस्तुमान असलेल्या कोणत्याही वस्तूला नेमका प्रकाशाचा वेग द्यायचा झाला, तर ती ऊर्जा अनंत होते.

सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटर हा आकडा आपण सवयीने प्रकाशाच्या नावावर मांडतो, पण आइन्स्टाइनने १९०५ साली दाखवले त्याप्रमाणे अवकाश आणि काळ यांचा एकमेकांशी जो व्यवहार आहे त्याचाच तो दर आहे, आणि प्रकाश त्या दराने जातो एवढेच. पाण्यात प्रकाश मंदावून सेकंदाला सव्वादोन लाख किलोमीटरवर येतो. तिथे एखादा इलेक्ट्रॉन त्याला मागे टाकू शकतो, आणि अणुभट्टीच्या पाण्यात दिसणारी निळी आभा त्यामुळेच निर्माण होते. तिचा अभ्यास चेरेन्कोव्ह यांनी १९३४ साली केला. मूळ दर मात्र तिथेही मोडलेला नसतो.

म्हणून चांगला विज्ञानकथाकार प्रकाशाशी शर्यत लावण्याच्या फंदात पडत नाही. तो आडवाट शोधतो. पुढची दोन पत्रे अशाच आडवाटांविषयी आहेत.

प्रश्न : आमच्या कारखान्यात सूत आले की आधी वार्पिंग होते, बीम भरतो आणि मग माग चालू होतो. मुलगा पाहतो त्या इंग्रजी मालिकेत ‘वार्प’ म्हटले की यान दिसेनासे होते. त्या वार्पचा आणि आमच्या ताण्याचा काही संबंध आहे का? आणि ते यंत्र चालते तरी कसे, असे मानतात?
*(यंत्रमागधारक, अक्कलकोट रस्ता औद्योगिक वसाहत)*

हे पत्र मी दोनदा वाचले, कारण असा प्रश्न मागाच्या गावातूनच येऊ शकतो. शब्द एकाच मुळाचा आहे. जुन्या इंग्रजीत त्या धातूचा अर्थ ‘फेकणे’ असा होता. मागावर लांबीच्या दिशेने टाकलेल्या धाग्यांना, म्हणजे ताण्याला, त्यावरून नाव मिळाले. आणि ओल्या फळीला बाक येऊन ती पिळवटते, त्या क्रियेलाही पुढे तोच शब्द लागला. यानाचा वार्प या दुसऱ्या अर्थाचा आहे, कारण तिथे अवकाशाला बाक द्यायचा असतो. विज्ञानकथांत तो आधीही येत असे, पण १९६६ साली सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेने तो घरोघरी नेला. गंमत अशी की, शब्दाचा अर्थ वेगळा असला तरी यंत्राचा तुमच्या मागाशी चांगलाच संबंध जोडता येतो.

सामान्य सापेक्षतेनुसार, म्हणजे आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्तानुसार, अवकाश म्हणजे रिकामी, निर्जीव जागा नव्हे. ते ताणले जाते, आकसते आणि वाकते. एखादी वस्तू अवकाशातून प्रकाशापेक्षा वेगाने जाऊ शकत नाही, पण खुद्द अवकाश किती वेगाने ताणले जावे यावर तसे बंधन नाही. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे फार दूरच्या दीर्घिका आपल्यापासून प्रकाशापेक्षा अधिक वेगाने दुरावत आहेत, आणि तरीही त्यांतली एकही स्वतःच्या शेजारून जाणाऱ्या प्रकाशकिरणाला मागे टाकत नाही. ही सवलत हेरून मिगेल अल्कुबिएरे या मेक्सिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ साली, वेल्समधील कार्डिफ येथे असताना, एक शोधनिबंध लिहिला. मागावर विणलेले कापड पुढच्या रुळावर गुंडाळले जाते आणि मागच्या बीमवरून ताणा सुटत राहतो. त्या कापडावर एखादा मुंगळा बसलेला असेल तर तो पाऊलही न उचलता पुढे सरकतो. अल्कुबिएरेच्या कल्पनेत यानाच्या पुढचे अवकाश असेच आकसत जाते, मागचे सुटत जाते, आणि मधल्या सपाट बुडबुड्यात यान स्वस्थ बसलेले असते. यानाला स्वतःच्या जागी वेगच नसल्यामुळे नियमभंग होत नाही, आतल्या माणसाला धक्का बसत नाही, आणि त्याचे घड्याळही घरच्या घड्याळाबरोबर चालते. विज्ञानकथेला याहून सोयीचे वाहन मागूनही मिळाले नसते.

आता बिल पाहू. अवकाशाला असा आकार देण्यासाठी ऋण ऊर्जा लागते, म्हणजे रिकाम्या पोकळीतल्यापेक्षाही कमी ऊर्जा. अशी ऊर्जा अगदीच काल्पनिक आहे असे नाही. एकमेकींच्या अतिशय जवळ ठेवलेल्या धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये ती अत्यल्प प्रमाणात असते, हे कॅसिमिर यांनी १९४८ साली सिद्धान्ताने दाखवले आणि पुढे त्या पट्ट्यांमधले आकर्षण मोजलेही गेले. अडचण प्रमाणाची आहे. फेनिंग आणि फोर्ड यांनी १९९७ साली हिशेब केला, तेव्हा यान मावेल एवढ्या बुडबुड्याला सबंध दृश्य विश्वाच्या वस्तुमानापेक्षाही जास्त ऋण ऊर्जा लागेल असे निघाले. दोनच वर्षांनी व्हॅन डेन ब्रोक यांनी बुडबुड्याचा आकार चतुराईने बदलून ही मागणी काही सूर्यांच्या वस्तुमानावर आणली. उधारी कमी झाली खरी, पण फेडण्याच्या आवाक्यात आली असे कोणी म्हणणार नाही.

दुसरी अडचण सुकाणूची आहे. बुडबुडा प्रकाशाच्या पुढे गेला की त्याच्या पुढच्या भिंतीपर्यंत यानातून कोणताही संकेत पोहोचू शकत नाही, कारण तो संकेतही प्रकाशाच्याच वेगाने जाणार. म्हणजे ब्रेक डब्याच्या बाहेर आहे आणि चालकाचा हात तिथवर पोचत नाही. तिसरी अडचण सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली मांडली. वाटेत भेटणारे अवकाशातले कण बुडबुड्याच्या पुढच्या भागात साचत जातात, आणि थांबण्याच्या क्षणी ते प्रचंड ऊर्जेने पुढे सुटतात. ज्यांना भेटायला आपण इतक्या लांबून आलो त्यांचीच राखरांगोळी होऊ शकते. माझ्या मते कथाकाराच्या दृष्टीने तिन्हींत हीच अडचण सर्वांत मोलाची आहे. या एका अडचणीत अख्खी शोकांतिका तयार बसलेली आहे, पण पडद्यावरची याने मात्र थांबताना कुणाच्या केसालाही धक्का लावत नाहीत.

प्रश्न : गोधडी शिवताना घडी घातली की लांबची दोन टोके एकमेकांवर येतात आणि सुई आरपार जाते. कृमिविवराचे चित्र असेच काढलेले पाहिले. पण सुई काढून घेतली की कापडातले भोक हळूहळू मिटते. अवकाशातले भोक कशामुळे उघडे राहते?
*(गृहिणी, विजापूर रस्ता)*

आपण नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. तज्ज्ञांनाही या प्रश्नापर्यंत यायला काही दशके लागली होती.

आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी १९३५ साली अवकाशाच्या दोन भागांना जोडणारा पूल गणिताने मांडला. त्यांच्या मनात तेव्हा प्रवास मुळीच नव्हता. त्यांना मूलकणांचे स्वरूप समजून घ्यायचे होते. त्याला वर्महोल हे नाव जॉन व्हीलर यांनी १९५७ साली दिले. नारळीकरांच्या कथेमुळे मराठी वाचकाच्या परिचयाचे झालेले ‘कृष्णविवर’ समोर असताना ‘कृमिविवर’ हा शब्द आपसूकच पुढे आला. पुढे १९६२ साली व्हीलर आणि फुलर यांनी दाखवले की हा पूल इतक्या त्वरेने मिटतो की प्रकाशालाही तो ओलांडता येत नाही. आपली सुई निघाली आणि भोक मिटले, तेच हे.

ते उघडे कसे ठेवायचे, हा प्रश्न पुढे एका कादंबरीमुळे ऐरणीवर आला. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन ‘कॉन्टॅक्ट’ ही कादंबरी लिहीत होते आणि नायिकेला दूरच्या ताऱ्यापर्यंत नेणारा मार्ग भौतिकीला निदान उघडउघड अमान्य नसावा, अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी कृष्णविवरातून वाट काढली होती. मित्र किप थॉर्न यांनी ती चालणार नाही असे सांगून कृमिविवर सुचवले. कादंबरी १९८५ साली आली. थॉर्न मात्र तिथे थांबले नाहीत, आणि मायकेल मॉरिस या विद्यार्थ्याबरोबर त्यांनी १९८८ साली माणसाला जाण्याजोग्या कृमिविवराचे गणित प्रसिद्ध केले. विज्ञानकथेने विज्ञानाकडून उसनवारी करावी हे नेहमीचे आहे. इथे व्यवहार उलटा झाला.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या गणितात आहे. भोकात काहीतरी ओवून ठेवावे लागते, आणि ते ‘काहीतरी’ म्हणजे पुन्हा तीच ऋण ऊर्जा, जी आपल्याकडे ओढून घेण्याऐवजी भिंतींना बाहेर ढकलते. वार्प असो वा विवर, शेवटी दोघेही एकाच सावकाराच्या दारात उभे राहतात. शिवाय भोक पाडायचे कुठून, हा प्रश्न राहतोच. कारण मुळात नसलेले विवर नव्याने कसे निर्माण करावे, हे या गणितात सांगितलेले नाही.

ज्या कथांत यान ‘अतिअवकाशात’ उडी मारते त्याही घडीच्याच कल्पनेच्या बहिणी आहेत. आपल्या तीन मितींना लंब असलेल्या आणखी एका मितीतून जवळची वाट काढायची, असा त्यांचा युक्तिवाद असतो. अधिक मितींचा विचार भौतिकीत गंभीरपणे झालेला आहे, मात्र त्यांतून वाट काढता येईल असे सुचवणारे काहीही हाती नाही. कथेपुरते म्हणाल तर उडीला किती वेळ लागतो, किती लांब मारता येते आणि चुकली तर काय होते, एवढे लेखकाने ठरवले असले तरी माझी तक्रार नसते.

प्रश्न : सिद्धेश्वर तलावाच्या काठावरून लेसर चंद्रावर मारून हात झटकन फिरवला, तर चंद्रावरचा ठिपका प्रकाशापेक्षा वेगाने पळेल का?
*(इयत्ता नववीतील विद्यार्थी, सोलापूर)*

पळेल. चंद्राची आकाशातली रुंदी सुमारे अर्धा अंश आहे आणि प्रत्यक्षातली ३,४७४ किलोमीटर. मनगटाच्या साध्या झटक्यात अर्धा अंश एका सेकंदाच्या शंभराव्या भागात ओलांडला जातो, म्हणजे ठिपक्याचा वेग सेकंदाला जवळजवळ साडेतीन लाख किलोमीटर होतो. पण ठिपका ही वस्तू नव्हे. प्रत्येक क्षणी चंद्रावर पडणारे प्रकाशकण नवे असतात आणि ते सगळे तुझ्या हातातूनच गेलेले असतात. चंद्राच्या एका कडेवरच्या माणसाला दुसऱ्या कडेवरच्या माणसाकडे त्या ठिपक्याबरोबर एक चिठ्ठीही पाठवता येणार नाही. हात फिरवल्यानंतर चंद्रावर ठिपका हलायलाही सव्वा सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागेल. (असा लेसर तुझ्याकडे असेल तर तो विमानाकडे किंवा कुणाच्या डोळ्यांकडे कधीही रोखू नकोस.)

प्रश्न : काही वर्षांपूर्वी प्रकाशापेक्षा वेगवान कण सापडल्याची बातमी वाचली होती. पुढे तिचे काय झाले?
*(औषधविक्रेते, पंढरपूर)*

ती बातमी सप्टेंबर २०११ मधली. सर्नहून निघालेले न्यूट्रिनो कण सुमारे ७३० किलोमीटर दूर, इटलीतल्या ग्रान सासो येथील ऑपेरा या प्रयोगात प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोहोचल्याचे दिसले होते. त्या शास्त्रज्ञांचे कौतुक यासाठी करायला हवे की त्यांनी शोधाची दवंडी पिटली नाही, ‘आमची चूक शोधा’ असे आवाहन केले. चूक निघाली ती घड्याळाशी जोडलेल्या प्रकाशतंतूच्या तारेत. ती खुंटीत घट्ट बसलेली नव्हती. २०१२ साली पुन्हा मोजमाप झाले तेव्हा न्यूट्रिनो निमूटपणे मर्यादेत राहिले.

जन्मापासूनच प्रकाशापेक्षा वेगवान असलेल्या आणि कधीही मंदावून अलीकडे न येणाऱ्या कणांची कल्पना मात्र भौतिकीत आहे, आणि तिची पहिली सविस्तर मांडणी एका भारतीयाने केली, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. ई. सी. जी. सुदर्शन यांनी बिलानियुक आणि देशपांडे या सहलेखकांबरोबर १९६२ साली तो निबंध लिहिला. शेवटच्या आडनावावर मराठी वाचकाची नजर जराशी थबकतेच. जेराल्ड फाइनबर्ग यांनी १९६७ साली त्या कणांना टॅकिऑन हे नाव दिले. ते अजून कुणालाही सापडलेले नाहीत.

प्रश्न : माणूस जाऊ शकत नसेल तर नसो. निदान निरोप तरी तत्काळ जावा, अशी कल्पना काही कथांत असते. त्यात काय वावगे आहे?
*(बँक कर्मचारी, होटगी रस्ता)*

ही कल्पना उर्सुला ले ग्विन यांनी १९६६ साली आपल्या कादंबरीत आणली आणि त्या यंत्राला ‘ॲन्सिबल’ असे नाव दिले. त्यांच्या जगात निरोप तत्काळ पोहोचतो, पण माणसाला मात्र सावकाशच जावे लागते. ही विभागणी मला फार आवडते, कारण त्यातून विरहाच्या अगदी नव्या तऱ्हा निर्माण होतात. मात्र प्रकाशाच्या मर्यादेचे खरे गांभीर्य या निरुपद्रवी वाटणाऱ्या निरोपातच लपलेले आहे. थोडा संयम ठेवून पुढचा हिशेब वाचावा. तो बँकेतल्या हिशेबाइतकाच चोख आहे.

दोन याने एकमेकांच्या बाजूने विरुद्ध दिशांना निघून जातात, आणि एकातून पाहिले तर दुसरे प्रकाशाच्या वेगाच्या ८० टक्के वेगाने दूर जात असते. भेटीच्या क्षणी दोघांच्याही घड्याळात दुपारचे बारा वाजले आहेत. सापेक्षतेनुसार प्रत्येकाला दुसऱ्याचे घड्याळ मंद चालताना दिसते. या वेगाला दहा तासांचे सहा तास होतात. दोघांचेही म्हणणे बरोबर असते, कारण ‘आत्ता तिकडे किती वाजले’ या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर विश्वात अस्तित्वातच नाही. आता पहिल्या यानात रात्री दहा वाजता इंजिन जळते आणि ते तत्काळ निरोप पाठवते. पहिल्या यानाच्या हिशेबाने त्या क्षणी दुसऱ्याच्या घड्याळात संध्याकाळचे सहा वाजलेले आहेत, म्हणून निरोप तिकडे सहाला पोहोचतो. दुसरे यान लगेच तत्काळ उत्तर देते : ‘तुमचे इंजिन जळाल्याचे कळले.’ पण दुसऱ्या यानाच्या हिशेबाने मंद घड्याळ पहिल्याचे आहे. आपले सहा तास म्हणजे त्याचे तीन तास छत्तीस मिनिटे. म्हणून उत्तर पहिल्या यानात दुपारी तीन वाजून छत्तीस मिनिटांनी येऊन पडते, इंजिन जळण्याच्या सहा तास चोवीस मिनिटे आधी. पहिल्या यानाने ते वाचून इंजिन वेळीच बंद केले, तर मग रात्री दहाचा निरोप कोणी आणि कशासाठी पाठवला?

प्रकाशापेक्षा वेगवान संकेत मान्य केला की काळाची चक्रे उलटी फिरवण्याची सोय त्यातच येते, याची जाणीव खुद्द आइन्स्टाइनला १९०७ सालीच झाली होती. वार्प आणि कृमिविवर यांनाही हाच आक्षेप लागू आहे. निसर्ग असे होऊ देत नसावा, असे अनुमान स्टीफन हॉकिंग यांनी १९९२ साली मांडले. ते अनुमानच आहे, सिद्ध झालेले नाही. वेगवान यान दाखवणारा लेखक नकळत कालप्रवासाचे यंत्रही दाखवत असतो. बहुतेक लेखक याकडे कानाडोळा करतात, आणि कथा रंगली असेल तर वाचकही करतो.

क्वांटम गुंतागुंतीचा, म्हणजे दूर असलेल्या दोन कणांच्या मोजमापांत दिसणाऱ्या विलक्षण मेळाचा, आधार घेऊन तत्काळ निरोप पाठवता येईल असे अनेकदा लिहिले जाते. तशा गुंतलेल्या कणांवरच्या प्रयोगांना २०२२ चे नोबेल मिळाले असले, तरी त्यातून निरोप पाठवता येत नाही, हे क्वांटम सिद्धान्तच सांगतो. दोन्ही टोकांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावरच त्यांच्यातला मेळ दिसतो, आणि त्या शेजारी आणायला साधी टपालाची वाट धरावी लागते.

प्रश्न : आपल्या पुराणांतील मनोवेगाने जाणारी विमाने आणि सायणाचार्यांनी दिलेला प्रकाशाचा वेग यांचा उल्लेख आपण का करत नाही?
*(निवृत्त शिक्षक, बाळीवेस)*

सर, दोन्हींचा आदरपूर्वक उल्लेख करतो, पण जागा वेगवेगळ्या. चौदाव्या शतकातील सायणाचार्यांच्या ऋग्वेदभाष्यात अर्ध्या निमिषात २,२०२ योजने जाणाऱ्या सूर्याला नमन करणारे वचन आहे. योजन नऊ मैलांचे आणि निमिष सेकंदाच्या पंच्याहत्तर भागांपैकी सोळा भागांचे धरले, तर उत्तर प्रकाशवेगाच्या जवळ येते. योजन पाच मैलांचे धरले की तेच उत्तर निम्म्याच्या थोडे वर उरते, आणि ही मापे ग्रंथागणिक बदलतात. शिवाय वचन सूर्याच्या गतीविषयी आहे. त्याला मोजमाप म्हणण्यापेक्षा स्तुती म्हणणे मला सायणाचार्यांवर अधिक न्याय करणारे वाटते. मनाच्या वेगाविषयी एक गमतीची गोष्ट अशी की, मज्जातंतूंतून संदेश जास्तीत जास्त सेकंदाला सुमारे १२० मीटर वेगाने जातात. म्हणजे मन वंदे भारतच्या पुढे असले तरी विमानाच्या मागेच आहे.

पुराणांतली खरी ठेव माझ्या मते वेगळी आहे. भागवताच्या नवव्या स्कंधात राजा ककुद्मी कन्या रेवतीसाठी वर विचारायला ब्रह्मलोकात जातो, गायन संपेपर्यंत क्षणभर थांबतो, आणि पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटून गेल्याचे त्याला ब्रह्मदेव सांगतात. मनात योजलेले सगळे वर, त्यांची मुले-नातवंडेही काळाच्या उदरात गेलेली असतात. यात सापेक्षता शोधू नये. पण प्रवाशाचा काळ आणि घरच्यांचा काळ वेगळा असू शकतो, ही वेदना कथाकाराला कळली होती, आणि ती वेदना भौतिकीत शंभर टक्के खरी आहे. सतत पृथ्वीच्या गुरुत्वाइतका वेग वाढवत आणि मध्यावरून तसाच कमी करत जाणाऱ्या यानाला आकाशगंगेच्या केंद्रापर्यंत त्याच्या स्वतःच्या घड्याळाने वीसेक वर्षांत जाता येईल. घरी मात्र सव्वीस हजारांच्या आसपास वर्षे गेलेली असतील. इंधन कुठून आणायचे हे विचारू नये, एवढीच अट.

प्रश्न : मी एक विज्ञानकथा लिहीत आहे. सोलापूरची मुलगी प्रॉक्झिमा सेंटॉरीला जाऊन त्याच वर्षीच्या, संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेला परत येते. तिला कोणते वाहन द्यावे?
*(नवोदित लेखक, बार्शी)*

त्याच वर्षी परत आणायचे असेल तर वार्प किंवा कृमिविवर यांतले एक निवडा. दोन्ही एकाच कथेत कोंबू नका, आणि इंजिनाच्या वर्णनात पाने घालवू नका; वाचकाला ते कसे चालते यापेक्षा ते केव्हा चालत नाही हे कळायला हवे. वार्प दिलात तर ती थांबेल तिथे काय होरपळेल हे ठरवा. कृमिविवर दिलेत तर त्याची दोन तोंडे कुठे आहेत आणि ती कुणाच्या ताब्यात आहेत हे ठरवा, कारण जिथे दोनच दारे असतात तिथे दारावर बसणारा कोणीतरी असतोच, आणि नाट्य त्याच्यापाशी असते. किंमत पहिल्या दोन पानांत सांगून टाका. शेवटच्या पानावर अचानक आलेली अडचण वाचकाला लबाडी वाटते.

मात्र आपण विचारलेच आहे म्हणून सांगतो, मला स्वतःला ही कथा प्रकाशाच्या अलीकडे राहून लिहिलेली वाचायला आवडेल. तिला प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाचे यान द्या. जाऊन-येऊन तिच्या घड्याळाने सुमारे एक वर्ष अडीच महिने होतील, आणि सोलापुरात साडेआठ वर्षे उलटलेली असतील. तिच्या दृष्टीने एकच यात्रा चुकली, गावाच्या दृष्टीने आठ. संक्रांतीच्या दिवशी ती सातही नंदीध्वजांच्या मिरवणुकीत गर्दीतून वाट काढत उभी राहील, आणि पांढऱ्या बाराबंदीतला, काठी पेलणारा तो उंच तरुण आपला धाकटा भाऊ आहे, हे तिला चटकन ओळखू येणार नाही. ती निघाली तेव्हा तो तिच्या कडेवर होता असे लिहायचा मोह होईल, पण तो आवरा आणि वय बाराच्या आसपास ठेवा, म्हणजे काठी पेलण्याचा हिशेबही बरोबर बसेल.